मराठीतील 'न बोलण्या'ची वाक्संपदा : काही निरीक्षणे

१. प्रास्ताविक

बोलण्यासंबंधीच्या शब्दांचा विचार आपल्या अभ्यासक्रमांत पुष्कळ झाला आहे. वक्तृत्व, संवाद, निवेदन, भाषण या विषयांना पाठ्यपुस्तकांत स्वतंत्र प्रकरणे असतात. न बोलण्यासाठी भाषेने जे शब्द घडविले, त्यांच्याकडे मात्र वाक्प्रचारांच्या यादीतील सुटे नग म्हणूनच पाहिले जाते. 'मूग गिळणे - गप्प राहणे', 'ब्र न काढणे - काहीही न बोलणे', 'दातखीळ बसणे - बोलता न येणे' असे अर्थ विद्यार्थी पाठ करतो आणि परीक्षेत वाक्यात उपयोग करून दाखवितो. हे सर्व वाक्प्रचार एकाच अर्थाचे आहेत, अशी समजूत या पद्धतीने दृढ होते. ती समजूत तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विषयाकडे मी वळलो तो एका तोंडी परीक्षेमुळे. दिंडोरी तालुक्याच्या पश्चिमेकडील एका पाड्यावरून येणारी पदव्युत्तर वर्गाची विद्यार्थिनी परीक्षकांच्या तिसऱ्या प्रश्नानंतर बोलेनाशी झाली. तिचा लेखी प्रबंध चांगला होता. ती बाहेर गेल्यावर एक परीक्षक म्हणाले, "सर, मुलगी मूग गिळून बसली." दुसऱ्या परीक्षक बाई म्हणाल्या, "नाही हो, तिला बोलवेना." गुणपत्रिकेवर शेवटी मी 'विद्यार्थिनीने मौन धरले' असे लिहिले. एका घटनेचे तीन पदांनी केलेले हे वर्णन. त्या तिन्ही वर्णनांनी तिच्यावर तीन वेगवेगळे न्याय केले होते, हे ध्यानात यावयास मला बराच काळ लागला. पहिल्याने तिला दोषी ठरविले, दुसऱ्याने असहाय ठरविले, आणि माझ्या वाक्याने तिला जो निश्चय बहाल केला तो तिच्या ठायी बहुधा नव्हताच.

य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'ने (१९३२-१९३८) आणि त्यांच्याच 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय-कोशा'ने (१९४२, १९४७) ही सामग्री जमवून ठेवली आहे, त्याही आधी मोल्सवर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आहेच. सामग्रीची उणीव नाही. उणीव आहे ती तिच्या अंतर्गत रचनेच्या विचाराची. येथे तीन प्रश्न विचारले आहेत. न बोलण्याची मराठीतील रूपके कोणती? शांततेचे कर्तेपण व्याकरण कोणाकडे सोपविते? आणि या शब्दांतून कोणता नैतिक निवाडा होतो?

२. तोंड : दार आणि भांडे

या वाक्संपदेतील मोठा भाग 'तोंड' या शब्दाभोवती गुंफलेला आहे. त्यात दोन रूपके स्पष्टपणे वेगळी करता येतात.

पहिल्यात तोंड हे दार आहे. तोंड मिटणे, तोंड बंद ठेवणे, तोंडाला कुलूप लावणे, तोंडाला खीळ घालणे हे प्रयोग या वर्गातील होत. दाराला आतून कडी असते आणि बाहेरून कुलूपही असते. म्हणून या वर्गातील वाक्प्रचार स्वेच्छेच्या आणि सक्तीच्या अशा दोन्ही शांततेसाठी चालतात. 'त्याने तोंड बंद ठेवले' आणि 'त्याचे तोंड बंद केले' यांत दार एकच असून कडी कोणत्या बाजूची एवढाच फरक आहे. दुसऱ्या वाक्यात धमकीही बसते आणि पैसाही बसतो, ही गोष्ट मराठी वाचकाला सांगावी लागत नाही.

दुसऱ्या रूपकात तोंड हे भांडे आहे. ते भरलेले असल्यामुळे बोलता येत नाही. मूग गिळणे आणि मिठाची गुळणी धरणे हे या वर्गाचे ठळक नमुने. वरवर समानार्थी वाटणाऱ्या या दोहोंच्या प्रतिमा भिन्न आहेत. गुळणी तोंडात असते. ती गिळता येत नाही, फार वेळ धरताही येत नाही, आणि तोंड उघडताच सांडते. मूग मात्र पोटात गेलेले असतात. जे सांगावयाचे ते आता तोंडात उरलेलेच नाही. 'पोटात ठेवणे' या प्रयोगाशी मूग गिळण्याचे नाते येथे जुळते. याच्या उलट, ज्याला गुपित राखता येत नाही त्याच्या 'तोंडात तीळ भिजत नाही'. तीळ भिजण्याइतका वेळही तो तोंड मिटून राहू शकत नाही. स्वयंपाकघरातील दोन धान्यांनी मराठीने गोपनीयतेची दोन टोके मोजली आहेत.

'गप्प' हा शब्दही या भांड्याजवळचा वाटतो. गपकन्, गपागप हे गिळण्याचे अनुकरणवाचक शब्द उच्चारताना ओठ मिटतात आणि 'गप्प' म्हणतानाही तसेच घडते. 'गप्पा' हा शब्द निराळ्या वाटेने, फारसी 'गप'वरून, आपल्याकडे आला. त्यामुळे एका दीर्घ स्वराच्या फरकाने बोलणे व न बोलणे शेजारी उभी राहतात. कानाला जवळचे वाटणारे शब्द कुळाने जवळचे असतीलच असे नाही, हे विद्यार्थ्यांस दाखविण्यास ही जोडी सोयीची आहे.

३. लघुतम ध्वनी आणि नकाराची अट

दुसरा मोठा वर्ग 'इतकेसुद्धा बोलला नाही' असे सांगणाऱ्या प्रयोगांचा आहे. ब्र न काढणे, चकार शब्द न काढणे, अवाक्षर न काढणे, हूं की चूं न करणे हे ते प्रयोग. यांत बोलण्याचे सर्वांत लहान माप घेतले जाते आणि तेही नाकारले जाते. 'चकार' हे व्याकरणात 'च' या वर्णाचे नाव आहे. 'ब्र'चे संस्कृतातील 'ब्रू' (बोलणे) या धातूशी ध्वनिसाम्य उघड आहे. 'अवाक्षर'च्या घडणीत अवगुण, अवकृपा, अवलक्षण यांत दिसणारा 'अव' हा उपसर्ग आहे. घडणीने ते 'वाईट अक्षर' ठरते, परंतु प्रचलित वापरात त्याचा अर्थ 'एक अक्षरही' असा झाला आहे.

या शब्दांचे व्याकरणदृष्ट्या एक वैशिष्ट्य आहे. साध्या होकारार्थी विधानात ते उभे राहत नाहीत. 'त्याने ब्र काढला नाही' हे मराठी आहे. 'त्याने सभेत ब्र काढला' हे वाक्य कानाला अपुरे वाटते. तथापि प्रत्यक्ष नकारार्थी शब्द प्रत्येक वेळी लागतोच असेही नाही. 'ब्र काढशील तर याद राख' (संकेतार्थ), 'ब्र काढण्याची कोणाची छाती आहे?' (प्रश्नार्थ), 'ब्र काढण्यापूर्वीच त्याला बाहेर नेले' (पूर्वकालवाचक रचना) ही सर्व वाक्ये निर्दोष आहेत. म्हणजे उच्चार प्रत्यक्ष घडल्याचे निःसंदिग्धपणे सांगावयाचे नसते, तेथेच हे शब्द येतात. अशा प्रकारचे नकारसापेक्ष शब्द अनेक भाषांत आढळतात. मराठीतील विशेष असा की, वरील उदाहरणांपैकी बहुतेकांच्या पाठीमागे धाक आहे. 'ब्र' हा शब्द वापरला की बोलण्यास बंदी करणारी कोणी शक्ती आसपास आहे, असे वाचक गृहीत धरतो. एकांतात बसलेल्या मनुष्याविषयी 'त्याने ब्र काढला नाही' असे आपण म्हणत नाही.

४. धरणे, बसणे, करणे : शांततेचा कर्ता कोण?

आता क्रियापदांकडे वळू. न बोलण्याचे बहुतेक प्रयोग तीन क्रियापदांवर उभे आहेत आणि त्यांची विभागणी बरीचशी नियमित आहे.

'धरणे' हे स्वेच्छेचे क्रियापद आहे. मौन धरणे, अबोला धरणे, गुळणी धरणे यांत जो धरतो तो कर्ता असतो, आणि धरलेले सोडताही येते. म्हणून त्याचा शेवटही 'सोडणे' या क्रियापदाने होतो: मौन सोडले, अबोला सोडला.

'बसणे' हे क्रियापद दुहेरी आहे. 'तो गप्प बसला' यात मनुष्य बसतो, म्हणून कर्तेपण त्याचे. 'त्याची दातखीळ बसली', 'त्याची वाचा बसली' यांत बसते ती दातखीळ किंवा वाचा. मनुष्य षष्ठीत जातो आणि कर्तेपणातून सुटतो. दातखीळ हा मुळात देहधर्म आहे. धनुर्वातात जबडा खरोखरच असा आवळला जातो. भयाच्या वर्णनासाठी हा शब्द घेताना भाषेने त्या मनुष्याला रुग्णाप्रमाणे निरपराध मानले. या प्रकारच्या शांततेचा शेवट 'सोडणे'ने होत नाही. तेथे 'फुटणे' येते. वाचा फुटली, कंठ फुटला, शब्द फुटला असे आपण म्हणतो. जे स्वतः धरले ते सोडता येते; जे आतून अडले ते फुटावे लागते. अन्यायाला आपण 'वाचा फोडतो', ती याच न्यायाने.

'करणे' आणि प्रयोजक रूपे परकर्तृत्व दाखवितात. गप्प करणे, गप्प बसविणे, तोंड बंद करणे, तोंड दाबणे यांत शांत होणारा कर्म ठरतो.

या तीन क्रियापदांपलीकडे 'मौन' या शब्दाचा स्वतंत्र परिवार आहे. मुनीचा भाव तो मौन. तेव्हा या शब्दाला जन्मतःच प्रतिष्ठा आहे. त्याची क्रियापदेही तशीच. मौन पाळतात ते विधी म्हणून, जसे ३० जानेवारीला हुतात्म्यांच्या स्मरणार्थ दोन मिनिटे पाळले जाते. मौन पत्करतात ते अन्य मार्ग उरला नाही म्हणून. मौन बाळगतात ते पुढारी आणि अधिकारी. वृत्तपत्रांनी हा प्रयोग त्यांच्यासाठी जणू राखून ठेवला आहे. मंत्री मौन बाळगतो आणि शिपाई मूग गिळतो. एकाच कृतीला हुद्द्यानुसार शब्द मिळतो, ही गोष्ट शैलीविचारात दुर्लक्षिण्याजोगी नाही.

रूपप्रक्रियेच्या पातळीवर सर्वांत महत्त्वाचा भेद 'बोलेना' आणि 'बोलवेना' या दोन रूपांत आहे. 'त्याला बोलवेना' किंवा 'त्याच्याने बोलवेना' यातील शक्यतावाचक 'व' असामर्थ्य स्पष्ट करतो. 'तो बोलेना' यात असामर्थ्य सांगितलेले नाही, म्हणून ते नकाराचे रूप आहे असे सामान्यतः मानले जाते. परंतु 'दार उघडेना', 'गाडी चालेना', 'पाऊस थांबेना' ही वाक्येही आपण बोलतो, आणि दाराला इच्छा नसते. तेव्हा 'एना' या रूपाचा मूळ अर्थ कर्त्याचा हट्ट असा नसून पाहणाऱ्याची विफल झालेली अपेक्षा असा घ्यावा लागेल. कोणीतरी वाट पाहत होते, प्रयत्न करीत होते, आणि घडावयाचे ते घडत नव्हते. 'मी काही बोलेना, तेव्हा त्यांनी पुन्हा विचारले' या वाक्यात निवेदक स्वतःकडेही समोरच्याच्या दृष्टीतून पाहतो. सारांश, 'बोलेना' हे रूप मूक मनुष्यापेक्षा प्रश्नकर्त्याची मनःस्थिती अधिक सांगते. कथात्म साहित्यात दृष्टिकोनाचा विचार करताना या लहानशा प्रत्ययाकडे लक्ष देणे उपयुक्त ठरेल.

५. अबोला : न बोलण्याचा व्यवहार

'अबोला' हा शब्द या सर्वांहून निराळा आहे. तो अवस्था सांगत नाही, संबंध सांगतो. मौन एकट्याने धरता येते, परंतु अबोल्यास दोघे लागतात. म्हणून त्याला 'शी' किंवा 'मध्ये' लागते: 'तिचा जावेशी अबोला आहे', 'दोघा भावांमध्ये अबोला आहे'. 'तो बोलत नाही' आणि 'तो माझ्याशी बोलत नाही' या वाक्यांतही हाच भेद आहे. पहिले वाक्य स्वभावाविषयीचे किंवा प्रसंगाविषयीचे, तर दुसरे भांडणाविषयीचे आहे. अबोल मनुष्याचा कोणाशीही अबोला नसू शकतो, आणि बोलघेवड्याचा अनेकांशी असू शकतो.

एकत्र कुटुंबात अबोला हा संपर्काचा अभाव नसतो. निरोप जातच असतात, फक्त ते तिसऱ्याच्या तोंडून जातात. "तुझ्या काकांना म्हणावं, पान वाढलंय," हे काकांना ऐकू जाईल अशाच आवाजात पुतण्याला सांगितले जाते. राग व्यक्त करण्याची दुसरी साधने जिच्यापाशी नाहीत, त्या घरातील स्त्रीसाठी अबोला हे बहुधा एकमेव मान्य शस्त्र होते. तिने तोंड उघडले तर ती 'तोंडाळ' ठरते, 'उलट बोलणारी' ठरते. न बोलण्याबद्दल मात्र तिला फार तर 'रुसली' म्हटले जाते. अबोला मिटविण्याचीही रीत आहे. संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवून गोड बोलण्याची विनंती केली जाते, तेव्हा कित्येक घरांतील वर्षभराचे अबोले कोणी हार न मानता मिटतात.

हाच अबोला गावाने एका घराशी धरला की त्याचे नाव बदलते. बोलचाल बंद, येणे-जाणे बंद, म्हणजेच 'वाळीत टाकणे'. येथे न बोलणे ही शिक्षा होते. महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये केलेला आणि जुलै २०१७ पासून अमलात आलेला अधिनियम याच प्रथेला गुन्हा ठरवितो. दुबळ्याचे न बोलणे हा निषेध असतो आणि समूहाचे न बोलणे हा जुलूम असतो. शब्दकोशात शेजारी बसणाऱ्या या दोन अर्थांत सामर्थ्याचे हे अंतर आहे.

६. मुके असणे आणि मुके केले जाणे

'मुका' या विशेषणाचा विस्तार येथे पाहण्याजोगा आहे. मुके जनावर म्हणजे ज्याला आपली व्यथा सांगता येत नाही ते. 'मुका मार' म्हणजे ज्याची खूण वर दिसत नाही तो. 'तोंड दाबून बुक्क्यांचा मार' या म्हणीत मारापेक्षा तोंड दाबणे अधिक दुःसह आहे, कारण त्यामुळे माराला साक्षीदार राहत नाही. दुखणे आणि ते सांगता न येणे या दोन वेगळ्या यातना आहेत, हे लोकभाषेने नेमके ओळखले आहे.

या पार्श्वभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेल्या पाक्षिकाचे 'मूकनायक' हे नाव पुन्हा वाचावे. त्याच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग छापला जात असे. भीड सोडून बोलणे आणि मुक्यांचा कोणी वाली नसणे हे त्यातील विषय. भीड हीही एक प्रकारची शांतताच आहे. ती बाहेरून लादलेली असूनही आतली वाटते. ज्यांना मुके केले गेले त्यांना 'मूक' म्हणणे आणि लगेच 'नायक' या पदाने त्या शब्दाचे ओझे उलटविणे, हे या सामासिक शब्दाचे सामर्थ्य आहे. पुढे २ मार्च १९३० रोजी नाशिकला सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचा विचार करताना, दहा वर्षांपूर्वीच्या या शब्दनिवडीची आठवण ठेवणे इष्ट होय. सुमारे शतकानंतर, ९ ऑगस्ट २०१६ रोजी औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथून सुरू झालेल्या मराठा मोर्चांनी 'मूक मोर्चा' हे नाव घेतले, तेव्हा 'मूक' या शब्दाला आणखी निराळा अर्थ मिळाला. तेथे मूकता ही लादलेली नव्हती. ती शिस्तीचे आणि संख्याबळाचे प्रदर्शन होती. एकच विशेषण शंभर वर्षांत वंचनेकडून निवडीकडे कसे सरकते, याचे हे उदाहरण.

नाट्यवाङ्मयात विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' (प्रथम प्रयोग १९६७) या विषयाशी सरळ भिडते. शीर्षकातील 'शांतता' हे व्याकरणाने नाम असले तरी कार्याने आज्ञार्थ आहे. 'शांत बसा' या आज्ञेत बसणाऱ्याला कर्तेपण तरी उरते, 'शांतता!' यात तेही उरत नाही. अभिरूप न्यायालयाच्या खेळात आरोपी झालेली लीला बेणारे प्रश्नांना उत्तर देत नाही. हे न बोलणे तिने धरलेले मौन आहे, की तिची वाचा बसली आहे? नाटक हा प्रश्न उघडा ठेवते. शेवटी तिला बोलण्यासाठी काही सेकंद मिळतात, तेव्हा इतर सर्व स्तब्ध असताना ती जे प्रदीर्घ बोलते ते त्या न्यायालयाच्या कानी पोहोचत नाही. वाचा फुटणे आणि ऐकले जाणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे नाटककाराने रंगमंचीय युक्तीतून दाखविले आहे. चौथ्या विभागातील क्रियापदांची विभागणी हाती घेऊन हा अंक वर्गात वाचला, तर त्याची गुंतागुंत विद्यार्थ्यांस अधिक चांगली उमगते.

७. न बोलण्याचा हक्क

येथवरच्या सामग्रीतून एक उणीव दिसून येते. साधूच्या शांततेसाठी मराठीत 'मौन' आहे, भेदरलेल्यासाठी 'दातखीळ' आहे, रुसलेल्यासाठी 'अबोला' आहे, कर्तव्य चुकविणाऱ्यासाठी 'मूग' आहेत. परंतु सामान्य मनुष्याने आपल्या अधिकारात, दोषी न ठरता, न बोलणे यासाठी रोजच्या भाषेत स्वतंत्र वाक्प्रचार सापडत नाही. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २० मधील तिसरा खंड आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही, असे सांगतो. हा हक्क वापरणाऱ्या मनुष्याचे वर्णन वृत्तपत्रे व लोक मात्र 'तो तोंड उघडेना', 'मूग गिळून बसला' असेच करतात. त्यात 'मौन म्हणजे संमती' या म्हणीची भर पडते आणि न बोलणे ही जवळजवळ कबुलीच ठरते. कायद्याने दिलेले संरक्षण वाक्प्रचाराने काढून घेतले जाते. भाषेच्या अध्यापकाने या विसंगतीची नोंद घ्यावयास हवी.

८. समारोप

वरील विवेचनातून पुढील गोष्टी हाती येतात. न बोलण्याचे मराठी वाक्प्रचार समानार्थी नाहीत. त्यांची प्रतिमा, त्यांचे क्रियापद आणि त्यांचा शेवट करणारे क्रियापद हे तिन्ही मिळून शांततेचा कर्ता निश्चित करतात. त्यांतील अनेकांमध्ये निवाडा दडलेला असतो, आणि तो निवाडा बहुधा बोलणाऱ्याचा असतो, न बोलणाऱ्याचा नव्हे. अध्यापनात 'वाक्यात उपयोग करा' या प्रश्नाऐवजी एकच प्रसंग देऊन तो 'मौन धरले', 'मूग गिळले', 'दातखीळ बसली', 'बोलवेना' अशा चार प्रयोगांनी लिहावयास सांगावा आणि प्रत्येक वेळी कोण दोषी ठरले हे विचारावे. या स्वाध्यायाने वाक्प्रचाराबरोबर दृष्टिकोन ही संकल्पनाही स्पष्ट होते.

दिंडोरी, पेठ, सुरगाणा या पट्ट्यातून येणाऱ्या कोकणा, महादेव कोळी, वारली समाजातील विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा प्रश्न केवळ वाङ्मयीन राहत नाही. घरी एक बोली, बाजारात दुसरी आणि तोंडी परीक्षेत प्रमाण मराठी, असा प्रवास करून आलेला विद्यार्थी थबकतो, तेव्हा आपण त्याच्यासाठी जो शब्द निवडतो त्याचे रूपांतर गुणांत होते. त्याला 'घुमा', 'मुखदुर्बळ' किंवा 'मुखस्तंभ' म्हणण्यापूर्वी प्रश्न कोणत्या भाषेत विचारला होता, हे पाहणे आपले काम आहे. त्या विद्यार्थिनीच्या गुणपत्रिकेवरील माझे वाक्य आता बदलता येणार नाही. आज लिहावयाचे झाले तर मी 'परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तर मिळाले नाही' एवढेच लिहीन. त्या वाक्यात ती अपराधी ठरत नाही, आणि उत्तर न मिळण्याच्या कारणांत प्रश्नाचाही समावेश होऊ शकतो.